बाबांच्या पोटावरची पिशवी नुसत्या पाण्याने भरतेय, सोमवारपर्यंत थांबू का?

डिचोलीची मुलगी: नमस्कार. बाबा ६१ वर्षांचे, गुदाशयाचा कॅन्सर. आधी रेडिएशन-केमो झालं, मग ऑपरेशन करून गाठ काढली, आतडं खाली परत जोडलं आणि तो जोड भरून येईपर्यंत लहान आतडं पोटावर काढून पिशवी लावलीय. १३ दिवस झाले, शुक्रवारी घरी आणलं. कालपासून पिशवी दर दोन तासांनी भरते, मापून बघितलं तर दिवसाला २ लिटरच्या वर. लघवी थोडीच आणि एकदम गडद, उठले की डोळ्यांसमोर अंधारी येते. शेजारचे सगळे सांगतात भरपूर पाणी द्या शहाळी द्या, म्हणून देतेय, पण जितकं देते त्याच्यापेक्षा जास्तच बाहेर येतं. ताप नाही. सोमवारी ओपीडी आहे.

फोंड्याचा दादा: ताई, थांबू नकोस, आजच ने. चालवत नसतील तर १०८ ला फोन कर. माझ्या आईचं अगदी हेच झालेलं, आम्ही दोन दिवस वाट बघत बसलो आणि क्रिएटिनिन चढलं, किडनीवर आलेलं. मोठं आतडं पाणी आणि मीठ परत ओढून घेतं ना, ते सध्या वाटेतच नाही. साधं पाणी जास्त प्यायले की लहान आतडं अंगातलंच मीठ त्यात सोडतं आणि दोन्ही पिशवीत जातं. शहाळ्यातही सोडियम कमीच. निघेपर्यंत ओआरएस, १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात, घोट घोट दे. बीपीची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांग.

वॉर्डातली सिस्टर: दादा बरोबर बोलले. अजून एक, जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. आत इन्फेक्शन नाही ना, जोड गळत नाही ना, हे आधी बघतात, मग तीच गोळी डॉक्टर जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायला सांगतात. जोड गळला की पोट फुगतं, दुखतं, नाडी पळते, आणि म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही, त्यामुळे ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आणि पिशवीचं भोक आतड्याच्या तोंडापेक्षा २-३ मिमीच मोठं कापा, जास्त झालं की ते पाणी कातडीला लागून कातडी सोलवटते, मग पिशवी चिकटतच नाही. ती एक तृतीयांश भरली की रिकामी करा.

डिचोलीची मुलगी: त्याच दुपारी नेलं. सोडियम बरंच खाली आलेलं, सलाइन लावलं, स्कॅन केला, जोड ठीक आहे. चार दिवसांनी घरी आलो. आता उकड्या तांदळाची घट्ट पेज मीठ घालून, केळं, आणि ओआरएस. साधं पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलंय. कालनिर्णयच्या मागे रोज पिशवी आणि लघवी दोन्हीचं माप लिहितेय, आज रात्री ८ पर्यंत पिशवी ६५० मिली. दादा, सिस्टर, तुम्ही सांगितलं नसतं तर मी खरंच सोमवारपर्यंत शहाळी देत बसले असते.

फोंड्याचा दादा: वाचून जीव भांड्यात पडला गं. माप लिहिणं सोडू नकोस, आतडं परत आत घालेपर्यंत. आईचं केमो संपल्यावर घातलं.