‘डिक्की’ म्हणणाऱ्याला अडाणी म्हणू नका

भोसरीची बाई
‘इलेक्ट्रिक स्कूटर आणि शहरी वाहतूक : हे ४० इंग्रजी शब्द पाठ करा’ ही कालची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. यादीचं एक वेळ चालेल. पण खालचा शेरा? ‘डिक्की, स्टेपनी असलं अडाणी इंग्रजी बोलणाऱ्यांनी मुलाखतीला जाऊच नये.’

मी भोसरीत संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवते. वर्गातली निम्मी मुलं दिवसभर इलेक्ट्रिक स्कूटरवर पार्सलं पोचवतात. कम्यूट, कंजेशन, लास्ट माइल कनेक्टिव्हिटी सगळं तोंडपाठ. पण ‘गाडी चार्जिंगला लावलीय, तासाभरात निघतो’ हे इंग्रजीत सांग म्हटलं की गप्प बसतात. यादीत सगळी नामं, क्रियापद एक नाही. माणूस बोलतो क्रियापदांनी.

आणि अर्थाचं काय? यादीत ‘रेंज म्हणजे पल्ला’ एवढंच आहे. माहितीपत्रकात ‘सर्टिफाइड रेंज’ छापलेली असते ती चाचणीतली, ठरवून दिलेल्या वेगाने रोलरवर गाडी चालवून मोजलेली. रस्त्यावर, मागे माणूस बसवून, तेवढी मिळत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने त्या आकड्याच्या भरवशावर चाकणला फेरी मारली आणि येताना मोशीपासून गाडी ढकलत आणली. रेंज शब्द त्याला पाठ होता. सर्टिफाइडचा अर्थ कुणी सांगितला नव्हता.

क्रॉयडनकर
यादी माझीच आहे, म्हणून उत्तर देतो. बाई, तुमच्या वर्गाबद्दल आदर आहे, पण तुम्ही भोसरीत बसून बोलताय. मी इथे लंडनच्या क्रॉयडनमध्ये आलो त्या वर्षी ऑफिसात सांगितलं, ‘पुण्यात मी रोज १८ किलोमीटर इलेक्ट्रिक स्कूटरने जायचो.’ सगळे बघतच राहिले. एकीने विचारलं, ‘उभ्याने?’ इथे ई-स्कूटर म्हणजे उभं राहून चालवायची, छोट्या चाकांची. स्वतःची असेल तर रस्त्यावर आणायलाच बंदी. भाड्याच्यांना काही शहरांत २०२० पासून चाचणी म्हणून परवानगी आहे. पकडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट. मी गुन्हा कबूल करतोय असं त्यांना वाटलं. ती फजिती दुसऱ्याची होऊ नये म्हणून यादी केली.

भोसरीची बाई
मग हे यादीत का नाही? तुमच्या यादीत पहिलाच शब्द ‘ई-स्कूटर’ आणि समोर ‘विजेवर चालणारी दुचाकी’. म्हणजे तुमची फजिती तुम्ही जशीच्या तशी पुढच्याला दिलीत.

जुना चेतकवाला
स्टेपनीला अडाणी म्हणणाऱ्यांसाठी. वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी गाडीच्या पंक्चर चाकावर बसवायचं जादा चाक काढलं. तेव्हाच्या मोटारींना जादं चाक नसायचंच. रस्त्याच्या नावावरून चाकाचं नाव पडलं. इंग्रज विसरले, आपण जपलं. डिक्कीही त्यांचीच, जुन्या मोटारीच्या मागच्या उघड्या बैठकीला ते ‘डिकी’ म्हणत. चाळीस वर्षं चेतक चालवली, स्टेपनी स्वतः बदलली. मला कुणी अडाणी म्हणू नये.

क्रॉयडनकर
काका, इतिहास बरोबर असेल. पण आज इथल्या गॅरेजात स्टेपनी मागा, कुणाला कळणार नाही. शब्द जुना आहे म्हणून तो चालतो असं नाही.

जुना चेतकवाला
मला गॅरेज कोथरूडमध्ये लागतं. तिथे ‘स्पेअर व्हील’ म्हटलं तर पोरगा दोनदा विचारतो. भाषा जिथे वापरायची तिथली.

चालते पायी
तुम्ही सगळे गाडीवाले. माझा एकच शब्द : फुटपाथ. त्याला लंडनमध्ये पेव्हमेंट म्हणा, अमेरिकेत साइडवॉक म्हणा, आमच्याकडे त्याच्यावरून स्कूटर जाते. पेट्रोलची निदान ऐकू तरी यायची. इलेक्ट्रिक मागून येते ती कळतच नाही. गेल्या महिन्यात हाताला मार बसला, पिशवीतली भाजी रस्त्यावर. शब्द शिकवताय तर आधी हा शिकवा.

नाशिक रोड
ताई, हाताला जपा. पण मुद्दा शब्दांचाच आहे, कारण शब्दाने माझ्या घरात नुकसान केलंय. २०२३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसने मतदान घेऊन भाड्याच्या ई-स्कूटर हटवायचं ठरवलं. मतदान जेमतेम साडेसात टक्के, मत देणाऱ्यांतले नव्वदेक टक्के विरोधात. सासऱ्यांच्या फोनवर मथळा आला, ‘पॅरिसमध्ये इलेक्ट्रिक स्कूटरवर बंदी’. त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्या इलेक्ट्रिक स्कूटरचं बुकिंग रद्द केलं. म्हणे, तिकडे बंद झाली म्हणजे बॅटरीत काहीतरी खोट असणार. त्या उभ्याने चालवायच्या होत्या हे समजावायला मला दोन महिने लागले. तोवर किंमत वाढली.

क्रॉयडनकर
हेच तर मी म्हणतोय! आपल्या बसायच्या गाडीला इथे ‘इलेक्ट्रिक मोपेड’ म्हणतात, जोरात पळणारी असेल तर मोटरसायकल.

जुना चेतकवाला
मोपेड म्हणजे लूना. पायडल मारायची. चेतकला मोपेड म्हणणार असाल तर मी या चर्चेतून उठतो.

क्रॉयडनकर
उठा. दर वेळी मधे चेतक आणली तर कुणी काही शिकणार नाही.

भोसरीची बाई
वयाने मोठ्या माणसाशी असं बोलू नका. आणि काका म्हणतात त्यात तथ्य आहे. मोपेड ऐकून आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर लूना येते, म्हणून तो शब्द नुसता पाठ करून चालणार नाही. कुठे, कशाला म्हणतात हे सांगावं लागतं. आता किलोवॅट अवर घ्या. मुलं घाबरतात. मी सांगते, घरच्या वीजबिलावरचं एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट अवर. तीन किलोवॅट अवरची बॅटरी पूर्ण भरायला तीन युनिटांहून थोडी जास्त वीज, कारण चार्जर गरम होतो त्यात काही जाते. युनिटचा दर त्यांना आयांकडून माहीत असतो. पाच मिनिटांत समजतं.

नाशिक रोड
हे मला आज कळलं. बिल शोधतो.

क्रॉयडनकर
युनिटचं उदाहरण चांगलं आहे, मान्य. ई-स्कूटरपुढे दोन्ही अर्थ घालतो. ‘अडाणी’ शब्द काढतो, तो लिहायला नको होता. पण डिक्कीपुढे ‘ब्रिटनमध्ये मोटारीच्या डिक्कीला बूट, स्कूटरच्या डिक्कीला अंडरसीट स्टोरेज म्हणा’ असं लिहिणार, त्यावर वाद नको.

जुना चेतकवाला
लिहा. त्याच्याखाली ‘कोथरूडमध्ये डिक्की’ हेही लिहा.

भोसरीची बाई
आणि क्रियापदं. दहा मी उद्या वर्गात मुलांकडून काढून घेते, रात्री इथे टाकते.