कृष्णवर्णीय पुरुष शिक्षकांसाठीच्या योजना : आपल्या डी.एल.एड. कॉलेजांनी काय उचलावं?

खडूफळा (सातारा)
अमेरिकेतल्या सरकारी शाळांत 2020-21 साली कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक जेमतेम 1.3 टक्के होते, कृष्णवर्णीय मुलं मात्र साधारण 15 टक्के. म्हणून तिथे अशा शिक्षकांना शोधायच्या, टिकवायच्या आणि गौरवायच्या वेगळ्या योजना आहेत. आमच्या डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक पदविका) कॉलेजात माण, खटाव, जतकडच्या भटक्या-विमुक्त मुलांसाठी जूनपासून तसं काही करायचं घाटतंय. तिथलं काय घ्यावं, काय सोडावं? सत्काराचं सांगू नका, शाल-नारळ आम्हाला जमतं.

कृष्णाकाठ
आधी ‘पुरुष’ हा शब्द सोडा. तो तिथला प्रश्न आहे, आपल्या झेडपी शाळांत गुरुजी दुर्मीळ नाहीत. आपल्याकडे कमी आहेत ते पालावरून, वस्तीवरून आलेले, मग तो मुलगा असो की मुलगी.

तिथली टंचाई आवड नसल्यामुळे आली असंही समजू नका. वंशावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राऊन निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या, त्या एकतर्फी. मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली, कृष्णवर्णीयांच्या शाळांना टाळं लागलं आणि 1965 पर्यंत 38 हजारांवर शिक्षक-मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या.

घेण्यासारखा आराखडा म्हणजे साउथ कॅरोलिनातल्या क्लेमसन विद्यापीठाचा ‘कॉल मी मिस्टर’. तो 2000 च्या सुमारास तीन कृष्णवर्णीय कॉलेजांना सोबत घेऊन सुरू झाला. फीला मदत, मुलांची एकत्र तुकडी, आणि जितकी वर्षं मदत तितकी वर्षं राज्यातल्या सरकारी शाळेत शिकवायचं. यातली तुकडी महत्त्वाची. एका वर्गात असा एकच मुलगा घेतलात तर तो दिवाळीपर्यंत गळतो. पाच-सहा घ्या, एकत्र राहू द्या. सातारकरांना हे नवं नाही म्हणा. कर्मवीरांचं बोर्डिंग आणि 1935 चं ट्रेनिंग कॉलेज याच तत्त्वावर उभं होतं.

नमुना_चौदा
तुकडी ठीक, पण आपली मुलं त्याच्या आधीच अडकतात, कागदांत. विमुक्त-भटक्यांसाठी मानीव दिनांक, म्हणजे कुटुंब तेव्हा महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवायची तारीख, 21 नोव्हेंबर 1961. त्याआधीचा पुरावा लागतो आणि आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. प्रवेशाच्या वेळी नाही, अकरावीतच सुरुवात करा :

– वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाकडे जात वैधता प्रमाणपत्र आहे का ते आधी बघा. असेल तर निम्मं काम झालं.
– नसेल तर आजोबा-चुलत आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, तोही नसेल तर तहसीलमधून गाव नमुना 14 किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल. फिरस्त्या कुटुंबाची नोंद जन्मगावी सापडते, राहत्या गावी नाही. इथेच महिने जातात.
– वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि उताऱ्यातली नावं अक्षर न् अक्षर जुळवा. ‘बापू’ आणि ‘बापूराव’ एवढ्यावर त्रुटी निघते.
– नॉन क्रिमीलेयरची मुदत संपू देऊ नका.

पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (भरतीसाठीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी). टेटला 200 प्रश्न, 120 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 36 सेकंद. त्यात 120 गुण अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. मुलं बालमानसशास्त्र पाठ करत बसतात आणि गणित-तर्कात मार खातात. पहिल्या सत्रापासून आठवड्याला एक वेळ लावलेला सराव पेपर ठेवा, तोही संगणकावर. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचा पसंतीक्रम भरताना मुलाशेजारी कुणीतरी बसा.

खडूफळा
नमुना चौदा, हे छापूनच लावतो. संस्थाचालकांना पटवायला एक आकडा हवाय. कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक असला की गळती 39 टक्क्यांनी घटते, असं वाचलं. प्रस्तावात घालू का?

कृष्णाकाठ
असा नका घालू. 2017 चा तो अभ्यास गरीब घरच्या कृष्णवर्णीय मुलग्यांचा आहे. तिसरी ते पाचवीत निदान एक कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला तर पुढे हायस्कूल सोडण्याची शक्यता 39 टक्क्यांनी कमी दिसली. शिक्षक पुरुषच हवा असं त्यात नाही; तिथे बहुतेक बाईच असतात.

दुष्काळी_बदली
नेमणुकीनंतरचं कुणीच बोलत नाही, खरी गळती तिथे. कृष्णवर्णीय शिक्षकाला तिथे न मागता दांडगट मुलांचा हवालदार करतात. वर्ग, वह्या, पालकभेटी आहेतच, वर हे. त्याला ते ‘अदृश्य कर’ म्हणतात. आपल्याकडे भटक्या-विमुक्तांतून आलेल्या गुरुजींवर शाळाबाह्य सर्वेक्षण, पालावरच्या मुलांची हजेरी, जयंतीचं भाषण, सगळं येऊन पडतं. नेमणुकीची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, मानधन महिना 16 हजार. नाही म्हणायची टाप नसते.

उपाय साधा आहे. जास्तीचं काम दिलं तर दुसरं एक काढून घ्या, आणि ते मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. कॉलेजने दोन वर्षं तरी महिन्याला एक फोन आणि सत्रात एक वर्गभेट ठेवावी, दोष काढायला नाही, पाठ बघायला. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत त्यांना पाठ घ्यायला लावा, गणिताचा किंवा भाषेचा. ‘आपल्या समाजाबद्दल दोन शब्द’ नको.

आणि सत्कार करायचाच असेल तर वर्गातली किती मुलं वाचायला लागली ते स्टेजवर सांगा, जात नको. पुरस्काराचा प्रस्ताव गुरुजींना स्वतः भरायला लावू नका. फाईल कॉलेजने तयार करावी.