मोटरहोमच्या जीपीएसमध्ये अक्षांश-रेखांश नेमके कोणत्या पद्धतीने भरावेत?

चाकांवरचे बिऱ्हाड (लेस्टर)
सर्वांना नमस्कार. येत्या जूनमध्ये आम्ही चौघे भाड्याच्या मोटरहोमने पोर्ट्समथहून बोटीने विस्त्रेआमला उतरून नॉर्मंडीत फिरणार आहोत. मुक्कामाच्या बऱ्याच तळांना धड पत्ता नसतो, केवळ अक्षांश-रेखांश दिलेले असतात. म्हणून सरावासाठी मॉं सँ मिशेलचे आकडे तीन ठिकाणांहून उतरवून घेतले. मार्गदर्शिकेत ४८° ३८′ ०९.६″ उत्तर, १° ३०′ ४१.०″ पश्चिम असे आहे. एका परिचितांच्या वहीत ४८ ३८.१६०, १ ३०.६८४ असे आहे. आणि फोनवर ४८.६३६०, -१.५११४ असे दिसते. वहीतले आकडे यंत्रात भरले तर खूण फुजेर गावाजवळ पडते आणि फोनवरचे भरले तर थेट शार्त्रच्या उत्तरेला. यांतले कोणते आकडे चुकीचे आहेत, की यंत्रातच बिघाड आहे?

ध्रुवतारा (श्टुटगार्ट)
तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि ते एकाच जागेचे आहेत. पहिल्यात अंश, मिनिटे व सेकंद आहेत, दुसऱ्यात अंश व दशांशातली मिनिटे, तर तिसऱ्यात केवळ दशांशातले अंश. वहीतले ३८.१६० हे मिनिटांचे मूल्य आहे. त्याला ६० ने भागले की ०.६३६० येते. आपण ते न भागता ४८.३८१६० असे भरले असणार, त्यामुळे खूण सुमारे २८ किलोमीटर दक्षिणेला आणि १५ किलोमीटर पूर्वेला सरकली, म्हणजे फुजेरजवळ गेली.

शार्त्रचे कारण वेगळे आहे. तेथे रेखांशामागचे उणे चिन्ह गळले आहे. ग्रीनिचची रेषा विलेर-स्यूर-मेरपाशी फ्रान्सच्या किनाऱ्यावर येते. आपले ठिकाण तिच्या पश्चिमेला आहे आणि उणे चिन्ह गेले की तेच ठिकाण सुमारे २२० किलोमीटर पूर्वेला जाते. भारतात अक्षांश नेहमी उत्तर आणि रेखांश नेहमी पूर्व असल्यामुळे आपल्याला या चिन्हाकडे पाहायची सवयच लागत नाही. आकडे भरण्यापूर्वी यंत्राच्या सेटिंगमध्ये कोणती पद्धत निवडलेली आहे ते पाहावे, आणि मिनिटांच्या किंवा सेकंदांच्या जागी ६० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर पद्धत ओळखण्यात चूक झाली आहे असे खुशाल समजावे.

रानवाट
वरील उत्तरात एक भर घालतो, कारण या गोष्टीने आमचा एक पूर्ण दिवस गेला होता. फ्रेंच पुस्तकांत पश्चिमेसाठी ‘ओ’ हे अक्षर असते, तर जर्मन पुस्तकांत तेच अक्षर पूर्वेसाठी वापरतात. आम्ही जर्मन यादीच्या सवयीने फ्रेंच पत्रकातला ‘ओ’ पूर्व म्हणून भरला होता. शिवाय फ्रेंच छपाईत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. गूगल मॅप्समध्ये भरताना तेथे टिंबच द्यावे आणि अक्षांश आधी लिहावा.

सातमीटरवाला
आकड्यांची पद्धत जमली तरी जागा कोणती निवडली आहे हे पाहायलाच हवे. आपण उतरवलेले आकडे प्रत्यक्ष बेटाचे आहेत आणि तेथे पर्यटकांना आपले वाहन नेता येत नाही. वाहनतळ मुख्य भूमीवर, सुमारे अडीच किलोमीटर अलीकडे आहे आणि पुढे बसने किंवा पायी जावे लागते. म्हणून आकडे नेहमी तळाच्या प्रवेशद्वाराचे घ्यावेत. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर आणि दशांश अंशातले चौथे स्थान म्हणजे सुमारे ११ मीटर, त्यामुळे सेकंदांचा दशांश किंवा चौथे स्थान गाळू नये. एवढ्याशा फरकाने यंत्र मागच्या गल्लीत नेते आणि सात मीटरची गाडी तेथून उलटी बाहेर काढताना एकाला खाली उतरून पुढे-मागे पाहत राहावे लागते. यंत्रात गाडीची उंची, रुंदी आणि वजनही भरावे. उपग्रह आपण कोठे आहोत एवढेच ठरवू देतात, समोरचा पूल किती उंच आहे हे त्यांच्या संदेशात नसते.

चाकांवरचे बिऱ्हाड (लेस्टर)
मनःपूर्वक आभार. सेटिंग दशांश अंशांवर आणून, मिनिटांना ६० ने भागून आणि उणे चिन्ह देऊन पाहिले. तिन्ही खुणा एकमेकींवर पडल्या. आता वाहनतळाच्या प्रवेशद्वाराचे आकडे वेगळे उतरवून घेते आहे आणि वहीत प्रत्येक आकड्यापुढे पूर्व की पश्चिम हे मराठीत पूर्ण शब्दाने लिहिते आहे.