जिंकेल त्याला मत की पटेल त्याला? (डेमोक्रॅटिक प्रायमरी २०२०)

पारिजात (२७ फेब्रुवारी २०२०, रात्री ९:४०)

काल 'जुना जर्सीकर' यांनी लिहिलं, "सँडर्सला मत म्हणजे ट्रम्पला मत. आपल्या लोकांनी वाहवत न जाता गुपचूप बायडनना मत द्यावं." त्या 'गुपचूप'ने माझं डोकं फिरलं. उत्तर लांबलं, म्हणून इथे वेगळं लिहिते.

काका, प्रायमरी, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, असते कशासाठी? १९६८ ला हम्फ्रींनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली, शिकागोत पक्षाच्या अधिवेशनावेळी रस्त्यावर लोकांची डोकी फुटली. त्यानंतर नियम बदलले आणि उमेदवार निवडायचं काम तुमच्या-माझ्यासारख्यांकडे आलं. आता तुम्ही म्हणताय, विस्कॉन्सिनमधल्या कुणा अनोळखी माणसाला काय आवडेल ते ताडून त्याच्या वतीने मत दे. मग मला काय हवंय ते मी सांगायचं कधी? २०१६ ला हेच केलं होतं सगळ्यांनी. हिलरी सुरक्षित, हिलरी जिंकणारच. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, तिन्ही हातची गेली.

मी सँडर्सना का देणार ते सांगते. मार्च २०१७ मध्ये नवऱ्याची नोकरी गेली, मला सातवा महिना चालू होता. विमा त्याच्या नोकरीचा. कोब्रा घेतला, म्हणजे नोकरी गेल्यावर तोच विमा चालू ठेवायचा, पण कंपनी भरायची तो वाटाही आपणच भरायचा. महिन्याला अठराशे डॉलर, घरात पगार शून्य. मुलगा पाच आठवडे आधी झाला आणि अकरा दिवस एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होता. हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमधलं, पण त्याला तपासणारी डॉक्टर नेटवर्कबाहेरची निघाली. बाळ काचेपलीकडे, आणि मी टाके ओले असताना कॉरिडॉरमध्ये उभी राहून विमा कंपनीच्या फोनवर ताटकळतेय. ते बिल फेडायला आम्हाला अडीच वर्षं लागली. हे बदललं पाहिजे, सगळ्यांना सरकारी विमा मिळाला पाहिजे, असं जो तीस वर्षं एकाच शब्दांत सांगतोय, त्याला मी मत देणार.

बायडननी २००२ ला इराक युद्धाच्या बाजूने मत दिलं, सँडर्सनी विरोधात. १९९४ च्या क्राइम बिलावर, म्हणजे गुन्हेगारीविरुद्धच्या कडक कायद्यावर, बायडनचा ठसा आहे, त्यापायी किती काळी मुलं तुरुंगात गेली. हे सगळं विसरायचं, का तर ते 'जिंकू शकतात'? प्रायमरी सुरू होते त्या आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. जिंकतायत कुठे?

जुना जर्सीकर (रात्री १०:२५)

पारिजात, 'गुपचूप' शब्द चुकला, मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही.

१९७२ ला मी मॅडिसनला एम.एस. करत होतो. मत नव्हतं, पण डोळे होते. कॅम्पसवर ज्याच्या त्याच्या छातीवर डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्नचा बिल्ला. माझा रूममेट दोन महिने वर्ग बुडवून दारोदार फिरला. आम्हाला वाटत होतं सगळा देश असाच आहे. नोव्हेंबरात निक्सननी ४९ राज्यं घेतली. मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी एवढंच उरलं. मॅडिसन ज्या राज्यात, ते विस्कॉन्सिनही गेलं. रूममेट त्या रात्री जिन्यावर बसून रडला. तुमचं सँडर्सप्रेम बघून मला तो जिना आठवतो, त्याला मी काय करू?

आणि १९९४ च्या क्राइम बिलाचं म्हणता, तर हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, सँडर्सनीही त्याच्या बाजूनेच मत दिलं होतं. रेकॉर्ड काढून बघा. बंदूक घेणाऱ्याची आधी तपासणी करायच्या ब्रॅडी बिलाला तर ते विरोध करत होते. तीस वर्षं एकच शब्द बोलणारा माणूस हाच ना?

काल साउथ कॅरोलायनाचे काळे काँग्रेसमन क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा दिला. शनिवारी तिथली प्रायमरी बघा. माझी शेजारीण साउथ कॅरोलायनाची, काळी, सत्तरीची. ती म्हणते, आमच्या घरात स्वप्नांवर मत द्यायची चैन कधी नव्हती, आम्ही ओळखीच्या माणसाला देतो. हा अडाणीपणा नाही. कुणाला निवडलं की आपल्यावर काय गुदरतं, हे तिच्या घराने आपल्यापेक्षा जास्त भोगलंय.

आमच्या न्यू जर्सीत प्रायमरी २ जूनला. तोवर सगळं उरकलेलं असतं. २००८ सोडलं तर पस्तीस वर्षं मी फक्त शिळं मत देतोय. आयोवाने आधी मत द्यायचं, वर तिथलं ॲप बंद पडून निकाल लटकायचा, आणि आम्ही जूनपर्यंत वाट बघायची!

पारिजात (रात्री १०:४८)

क्राइम बिलाचं तपासलं. खरं आहे. स्त्रियांवरच्या अत्याचाराविरुद्धचा कायदा त्यातच होता म्हणून दिलं असं ते सांगतात, पण मत दिलं हे खरं. तो मुद्दा सोडते. इराक सोडत नाही.

टेक्सासची डॉक्टरीण (रात्री ११:१०)

मी फॅमिली मेडिसिन करते, लहान क्लिनिक, आम्ही दोघी डॉक्टर. पारिजात, तुझ्यावर गुदरलं ते मी रोज बघते, त्यामुळे मला विमा कंपन्यांचं प्रेम आहे असं कृपा करून समजू नकोस. आमच्याकडे दोन बायका दिवसभर फक्त क्लेमचे फोन करतात. पण मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, देतं त्या दरात सगळेच पेशंट बघायचे तर मला क्लिनिक मोठ्या हॉस्पिटलला विकावं लागेल. सँडर्स या प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाहीत. नेवाडातल्या कलिनरी युनियनने, म्हणजे हॉटेल-कसिनो कामगारांच्या संघटनेने, हेच विचारलं, की आम्ही संप करून मिळवलेला विमा तुम्ही काढून घेणार का, तर त्यांच्या पुढाऱ्यांना ऑनलाइन शिव्या पडल्या.

आमच्याकडे १८ तारखेपासून लवकरचं मतदान सुरू आहे, मी सेनेटर एमी क्लोबुशारना देऊन आले. मला काम करून दाखवणारी स्त्री उमेदवार हवी होती.

पारिजात (रात्री ११:२२)

पण त्याच युनियनच्या सभासदांनी गेल्या शनिवारी कसिनोंमधल्या कॉकसमध्ये, म्हणजे एकत्र जमून उमेदवार निवडायच्या सभेत, सँडर्सनाच निवडलं ना? पुढाऱ्यांपेक्षा खोल्या झाडणाऱ्या बायकांना विमा जास्त कळतो. आणि क्लोबुशारना टेक्सासमध्ये १५ टक्के पडणार नाहीत, म्हणजे राज्यपातळीवर शून्य डेलिगेट, उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी. पटेल त्याला दिलंस, छान केलंस. मग तोच हक्क मला का नाही?

चाफा (रात्री ११:३५)

दोन म्हाताऱ्यांवरून भांडताय आणि जिने खरं काम केलंय तिचं नावही कुणी घेत नाही. २००५ चा दिवाळखोरीचा कायदा आठवतो? बायडन त्याच्या बाजूने, आणि हार्वर्डमधली एक प्राध्यापिका त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढत होती. ती एलिझाबेथ वॉरन, आता सेनेटर आणि उमेदवार. लोक दिवाळखोर होतात ते उधळपट्टीने नाही, आजारपणाने आणि नोकरी जाण्याने, हे तिने कोर्टातली कागदपत्रं तपासून मांडलं. पारिजात, तुझी गोष्ट म्हणजे तिचा अभ्यास आहे. पाच कोटी डॉलरच्या वरच्या संपत्तीवर २ टक्के कर, इतकं नेमकं आणखी कोण बोलतंय? लास व्हेगासच्या डिबेटमध्ये अब्जाधीश उमेदवार ब्लूमबर्गना तिने एकटीने सोलून काढलं. आणि लोक म्हणतात, बाई जरा चिडकी वाटते. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मंगळवारी मॅसॅच्युसेट्समध्ये मी तिलाच देणार.

रांगेतला (२८ फेब्रुवारी, सकाळी ७:०५)

तुम्हा सगळ्यांना मत आहे, म्हणून तुम्ही विमा आणि १९७२ बोलताय. मी २०१२ पासून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. ईबी-टू, म्हणजे उच्चशिक्षित नोकरीवाल्यांचा गट, भारत. या महिन्यात २००९ च्या अर्जांना हात लागतोय. माझ्यापुढे किती वर्षं आहेत ते वकीलही सांगत नाही.

मी सांगलीत जन्मलो. बाबांना मस्कतला नोकरी लागली, धाकटा भाऊ तिथे जन्मला. एकाच शाळेत शिकलो, एकच कॉलेज, एकच डिग्री. इथे तो माझ्यानंतर तीन वर्षांनी आला. त्याचं कार्ड दोन वर्षांत हातात, कारण रांग जन्माच्या देशावर ठरते आणि ओमानची रांगच नाही. आता तो नागरिक आहे, प्रायमरीत मत देतो. मी नोकरी बदलायची म्हटली तरी रात्रभर झोपत नाही. माझी मुलगी दोन वर्षांची असताना इथे आली, आता सतरा. एकवीस पूर्ण झाली की ती माझ्या अर्जातून बाहेर. परवा तिच्या शाळेत लुटुपुटूची प्रायमरी झाली, ती मतमोजणीला होती. घरी येऊन विचारते, बाबा, मला खरं मत कधी?

आता तुमचे सँडर्स. २००९ ला रिपब्लिकन सेनेटर ग्रासलींबरोबर दुरुस्ती आणून सरकारी मदत घेतलेल्या बँकांना एच-वन-बी या कामाच्या व्हिसावरची माणसं घेणं अवघड केलं. २००७ चं इमिग्रेशन बिल पाडायला हातभार लावला. आमची माणसं त्यांच्या सभेत टाळ्या वाजवतात तेव्हा मला कळत नाही हसावं की रडावं.

पारिजात (सकाळी ७:५०)

तुमची गोष्ट वाचून गलबललं. पण अर्धंच सांगताय. २०१३ च्या इमिग्रेशन बिलात नोकरीवाल्यांच्या ग्रीन कार्डांची देशनिहाय मर्यादा काढून टाकायची तरतूद होती, आणि सेनेटमध्ये सँडर्सनी त्याच्या बाजूने मत दिलं. ६८-३२ ने पास झालं. रिपब्लिकन हाउसने ते पटलावरच घेतलं नाही. तो राग सँडर्सवर कशाला?

रांगेतला (सकाळी ८:०२)

आणि तीच मर्यादा काढणारं आत्ताचं बिल, एस. ३८६? गेल्या जुलैत त्याचं जोड-बिल हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं. सेनेटमध्ये ऑक्टोबरात अडवलं कुणी? डर्बिननी, डेमोक्रॅट. ते आणणारे माइक ली रिपब्लिकन. डिसेंबरमध्ये दोघांचं जुळलं म्हणाले, फेब्रुवारी संपत आला, बिल आहे तिथेच. या बिलात लींच्या जोडीला होत्या त्या कमला हॅरिस शर्यतीतून डिसेंबरातच बाहेर. उरलेल्यांपैकी एकाने तरी डिबेटमध्ये हा विषय काढला?

हिमाली (सकाळी ८:४०)

राग येईल, तरी लिहिते. डर्बिन म्हणत होते की एकूण कार्डंच वाढवा. ते बरोबर होतं. नोकरीवाल्यांसाठी वर्षाला एक लाख चाळीस हजार, त्यातच बायकामुलं. आकडा तोच ठेवून नुसती एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा काढली तर पुढची काही वर्षं बहुतेक कार्डं आपल्याकडे, आणि नेपाळ, घाना, फिलिपिन्सवाले मागे. मी नर्स आहे, माझ्या वॉर्डात या सगळ्या देशांच्या मुली आहेत. एक रांग लहान करायला दुसरी लांब करायची, याला न्याय कसं म्हणू?

रांगेतला (सकाळी ८:५१)

ताई, तुमचं स्वतःचं कार्ड कसं आलं ते तुम्हीच मागे लिहिलं होतंत. नवरा काठमांडूचा, म्हणून त्याच्या जन्मदेशावर मोजलं, दीड वर्षात मोकळ्या. आठ वर्षं मागच्या रांगेत काढलेल्याला तुम्ही न्याय शिकवू नका.

हिमाली (सकाळी ९:१५)

हो, तसंच आलं. म्हणूनच नेपाळ्यांची बाजू मला माहीत आहे. मी प्रेम केलं ते रांग चुकवायला नाही. हे पुन्हा काढू नका.

कोथरूडहून (सकाळी ९:३०)

ह्यूस्टनला ऑगस्टमध्ये काश्मीरबद्दल सँडर्स काय बोलले ते विसरलात का? परवा तर भारताला शस्त्रं विकण्यावरही बोलले. भारतीयांनी एवढं तरी बघावं.

जुना जर्सीकर (सकाळी ९:४४)

बघितलं. मी त्यांच्या विरोधात आहे, पण या कारणासाठी नाही. इथे मत इथल्या जगण्यावर द्यायचं असतं. हिमाली, रांगेतला, दोघेही शांत व्हा. मी १९७६ ला कार्ड घेतलं तेव्हा वर्षभर थांबलो आणि केवढी कटकट म्हणून घरी पत्र लिहिलं होतं. तुमच्यापुढे ते बोलायचीही लाज वाटते. आम्ही आलो, आमचं झालं, मागच्यांसाठी कधी कुठल्या काँग्रेसमनला साधा फोन केला नाही. हे आमच्या पिढीचं चुकलंच.

टेक्सासची डॉक्टरीण (सकाळी १०:२०)

आमच्याकडे ग्रामीण हॉस्पिटलांत अशा रांगेतले कितीतरी डॉक्टर आहेत. एखादा आजारी पडून नोकरी गेली तर अख्खं कुटुंब साठ दिवसांत देशाबाहेर. पारिजातचा विमा आणि रांगेतल्याचं कार्ड, दोन्ही एकाच मालकाच्या हातात बांधलेले आहेत हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणून मी सँडर्सवाली झाले असं नाही. पण नोकरीला बांधलेला विमा वाईट, एवढं मान्य.

पारिजात (सकाळी ११:०५)

एवढं मान्य केलंस तेही मी घेते.

रांगेतला, सँडर्सना व्हिसावाले लोक म्हणजे स्वस्त मजूर वाटत आले, हे खरं आहे आणि मला ते कधीच आवडलेलं नाही. उद्या आमच्या इथे त्यांचे कार्यकर्ते दारोदार येणार आहेत. एस. ३८६ बद्दल काय करणार ते विचारीन, आणि एकूण संख्या वाढवणार का, हेही. हिमाली, तुझ्यासाठी. उत्तर मिळेल ते इथे लिहीन, गप्प बसले तर तसंही लिहीन. मंगळवारचं माझं मत मात्र बदलणार नाही.

जुना जर्सीकर (सकाळी ११:१२)

माझंही नाही. जूनमध्ये, नेहमीसारखं. पण काँग्रेसमनच्या ऑफिसला आज दुपारी फोन करतो. रांगेतला, तो बिलाचा नंबर पुन्हा एकदा लिहा, चष्मा वर राहिलाय.

रांगेतला (सकाळी ११:१४)

हाउसचं एच.आर. १०४४, सेनेटचं एस. ३८६. काका, हाउसचं झालंय. फोन सेनेटरला करा.