भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजच्या कलाकारांची कामं : हवीत की नकोत?

भायखळाकर : राणीच्या बागेतलं हे संग्रहालय १८७२ सालचं. दुरुस्तीनंतर २००८ मध्ये पुन्हा उघडलं आणि तेव्हापासून तिथे आजच्या कलाकारांनाही बोलावतात. माझ्या मते हे व्हायलाच हवं. २०११ मध्ये जितीश कल्लट यांनी आत बांबूची परांची मांडली होती. जवळ गेल्यावर कळायचं, बांबू साच्यातून ओतलेले आहेत आणि त्यांवर व्हीटी स्टेशनच्या पोर्चमधले, एकमेकांना गिळणारे प्राणी आहेत. शेजारी बिडाचे नक्षीदार खांब. ते रंगवणारी माणसंही अशाच परांचीवर चढली असणार, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं. खांब त्याआधी वीसदा तरी पाहिले होते.

चौथीच्या बाई : तुम्ही वीसदा गेलात हो, माझी मुलं एकदाच येतात. त्यांना बघायची असतात ती मातीची छोटी माणसं, जुनी मुंबई. मध्ये एवढं मोठं काही उभं राहिलं की कमानी, फरशीची नक्षी, सगळं झाकलं जातं. शेजारचा फलक वाचून मलाच नीट कळत नाही, मुलांना काय सांगू? नव्या कामांसाठी एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, आहे की.

भायखळाकर : बाई, एनजीएमए तरी कुठे नव्या इमारतीत आहे? तो १९११ चा कावसजी जहांगीर हॉल. फलकाचं मात्र शंभर टक्के मान्य. सोप्या मराठीत हवा.

चुनागच्ची : भिंतीबद्दल कोणीच बोलत नाहीये. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत आहे. चुन्याचा गिलावा पावसाळ्यात ओल घेतो, मग सोडतो. त्यावर प्लॅस्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, क्षार साठतात, पोपडे सुटतात. एका वाड्यावर कुठल्याशा महोत्सवासाठी चित्र काढलं होतं. नखानं उचकलं तर तळहाताएवढा पापुद्रा हातात आला, मागे चुन्याची पूड चिकटलेली. रंग गेला तो गिलावा घेऊन गेला. परांचीला माझी हरकत नाही, ती आली तशी गेली. पण भिंतीला खिळा, गोंद, रंग लागणार असेल तर कलाकार कितीही मोठा असो, नाही म्हणजे नाही.

चौथीच्या बाई : हे पटलं. तरी सहलींच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, मधला हॉल मोकळा ठेवा.

भायखळाकर : उलट तेव्हाच परांची हवी, बाई. तुमच्या वर्गातल्या एखाद्याचा बाप रोज तशाच परांचीवर चढत असेल. त्या पोराला त्या दालनात आपलं काहीतरी दिसायला नको का?