कुत्र्याला फर्स्ट एड म्हणजे शहरी थेरं?

लाडूची_आई
परवा इथे एकाने लिहिलं, "ट्रेकला कुत्र्यासाठी औषधाची पेटी म्हणजे शहरी थेरं. हळद लावली की झालं." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

डिसेंबरात रामटेकच्या डोंगरावर माझा लाडू काळतोंड्या वानरामागे सुटला. वानर वळलं आणि त्याची मागची मांडी फाडली. रक्त दाबून धरायला गेले, तर आयुष्यात कधी न गुरगुरलेला लाडू माझ्या मनगटाला कडकडून चावला. दुखत असलं की कुत्रं मालक ओळखत नाही. आधी गॉजच्या पट्टीने तोंड बांधायचं, एवढं माहीत असतं तरी पुरे होतं. (उलट्या होत असतील, श्वास लागला असेल तर मात्र बांधायचं नाही.) शेवटी ओढणीची झोळी करून दोघांनी खाली आणला. नागपूर पन्नास किलोमीटर, त्यात रविवार, आणि नेहमीचे डॉक्टर फोन उचलेनात. हळद कुठे लावायची होती दादा, फोनला?

ठेचा_भाकर
तो दादा मीच. ताई, वानरं दिसून राहिले होते तर पट्टा काहून सोडला? पट्टा हेच फर्स्ट एड. आमच्या शेतावर पाच कुत्रे होते, एकालेही पट्टी बांधली नाही. सगळे म्हातारे होऊन मेले.

लाडूची_आई
पट्ट्याचं मान्य, चूक माझीच. पण पाचही म्हातारे होऊन? सापाने एकही नाही?

ठेचा_भाकर
एक घोणसीनं गेला. तो वेगळा विषय आहे.

फुटाळा_पहाटे
वेगळा कसा बे? जंगलात जाऊन राहिलो ना आपण! पण ताई, तिथे तुमची पेटीही कामाची नाही. चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, कुत्र्याला चालवायचं नाही. उचलायचं आणि गाडी काढायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर माणसाला देतात तेच इंजेक्शन कुत्र्यालाही चालतं. ते कुठे मिळेल, हे निघायच्या आधी विचारून ठेवा.

धरमपेठचे_काका
पेट्या राहू द्या. आधी नागपुरात हस्की पाळणाऱ्यांना आवरा. मे महिन्यात ४५ अंश, आणि हे बर्फातलं जनावर टेकडीवर फिरवतात!

थोरचा_बाप
आला हस्कीवर! काका, माझा थोर एसीत राहतो, पहाटे पाचला फिरतो. तुमचं काय जातं?

धरमपेठचे_काका
आणि वीज गेली की? इन्व्हर्टरवर एसी चालवता का?

थोरचा_बाप
तुमच्या शेजारणीचा पग घोरतो, त्यावर बोला ना. चपट्या नाकाच्यांना ऊन जास्त बाधतं. पण नाही, हस्की म्हणजे श्रीमंतांचं, म्हणून राग!

धरमपेठचे_काका
शेजारणीला मध्ये आणायचं काम नाही.

फुटाळा_पहाटे
दोघंही थांबा. ऊन देशीलाही लागतं. माझी भुरी पक्की गावठी, मार्चमध्ये दहा वाजताच आडवी झाली. सावलीत नेलं, पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओतलं, टोपीने वारा घातला. १०३ वर उतरलं तसं पाणी थांबवलं, नाहीतर उलट गारठतं. मग थेट डॉक्टर. आणि हो, कुत्र्याचं नेहमीचंच तापमान १०१ ते १०२.५ असतं. आमच्या एका मित्राने १०२ पाहून ताप समजला आणि आपली आयब्रुफेन चारली. रक्ताच्या उलट्या झाल्या कुत्र्याला.

ठेचा_भाकर
हे मात्र माहीत नव्हतं. आम्हीही देत होतो, तापाची गोळी अर्धी करून.

लाडूची_आई
म्हणजे पाच म्हातारे होऊन मेले, त्यातला एक घोणसीचा, आणि बाकीच्यांना अर्धी गोळी. हिशेब वाढतोय दादा.

ठेचा_भाकर
बरं माय, जिंकली तू! गॉज अन् थर्मामीटर घेतो. पण पेटी म्हणणार नाही, पिशवी म्हणीन.

लाडूची_आई
म्हणा. थर्मामीटर कुठे लावतात, ठाऊक आहे ना?

ठेचा_भाकर
काखेत?

फुटाळा_पहाटे
शेपटीखाली, राजा. म्हणून आधी तोंड बांधजो.