रोजच्या जगण्यात मनाचा तोल: तुम्हाला नेमके काय उपयोगी पडले?

संताप, काळजी, हेवा, अपराधीपणा यांतले काहीच कोणाला चुकलेले नाही. भावना येणे आपल्या हाती नसले, तरी ती आल्यावर स्वतःशी काय बोलायचे आणि पुढच्या अर्ध्या तासात काय करायचे, एवढे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभाही हाच आहे. घटना आणि तिचा मनावर होणारा परिणाम यांच्या मध्ये आपला दृष्टिकोन असतो. ‘असे व्हावे’ या इच्छेचा ‘असे झालेच पाहिजे’ असा हट्ट झाला, की साध्या नाराजीचा संताप होतो आणि दुःखाची निराशा होते. पुण्यात या विषयावरच्या व्याख्यानांना तोटा नाही, पण घरी आल्यावर, चांदणी चौकात गाडी अडकल्यावर किंवा घरातल्याच माणसाने टोचून बोलल्यावर त्यातले काय टिकते, ते कळावे म्हणून हा धागा काढला आहे. कृपया इतरांना सल्ला देण्याऐवजी स्वतःचा अनुभव लिहावा. एकच गोष्ट लिहिली तरी चालेल, मात्र ती केव्हा आणि कशी केली, हे तपशिलाने यावे. नावाची गरज नाही.

सदाशिव पेठ, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

मी मूळचा बार्शीकडचा. राज्यसेवेची तयारी करतो. निकालाच्या दिवशी आमच्या अभ्यासिकेत एक वेगळीच शांतता असते. ज्याची पोस्ट निघाली तो गुलाल घ्यायला खाली उतरलेला असतो आणि बाकीचे पुस्तक उघडे ठेवून एकाच पानाकडे बघत बसतात. शेजारच्या टेबलावरच्या मित्राचे नाव यादीत आले, तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात खड्डा पडला. राज्यात पहिल्या आलेल्या उमेदवाराबद्दल मात्र मला काहीच वाटले नव्हते. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेला सामाजिक तुलनेचा सिद्धान्त त्या दिवसांत वाचनात आला आणि उलगडा झाला. माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्याच माणसाशी तुलना करून. ज्याच्याबरोबर एकाच मेसमध्ये जेवलो, त्याचे यश म्हणूनच अधिक बोचते. हे कळल्यावर बोच गेली नाही, पण ‘मी इतक्या कोत्या मनाचा कसा’ हा वरचा त्रास थांबला.

दुसरी गोष्ट वहीची. डोक्यात सतत फिरणारे वाक्य मी जसेच्या तसे लिहितो: ‘यंदा पोस्ट निघालीच पाहिजे, नाहीतर माझ्या जगण्याला अर्थ नाही.’ त्याखाली तेच वाक्य खरे करून लिहितो: ‘पोस्ट निघावी अशी माझी तीव्र इच्छा आहे आणि त्यासाठी मी रोज बसतो, नाही निघाली तर फार वाईट वाटेल, पण तो माझ्या पेपरचा निकाल असेल, माझा नव्हे.’ सुरुवातीला हे दुसरे वाक्य मनाला पटत नाही, तरीही टेस्ट सिरीजचा पेपर सोडवायला घेण्यापूर्वी मी ते लिहितोच, आणि हात थरथरायचे प्रमाण कमी झाले आहे. वडिलांनाही स्पष्ट सांगितले, की अण्णा, निकालाची तारीख लागली की मीच फोन करीन, तोवर आपण पावसाचे आणि तुरीचे बोलू. कोणत्या वर्षानंतर मिळेल ती नोकरी धरायची, हेही आम्ही दोघांनी मिळून ठरवले आहे. सगळ्यात जास्त आधार मला त्या ठरलेल्या वर्षाचा वाटतो.

बावधन, आयटीतील नोकरी

माझी अडचण काळजीची आहे. हिंजवडीहून परतताना गाडीत, जेवताना, अंथरुणात, कुठेही ती सुरू होत असे: घराचा हप्ता, कंपनीतली कपात, बाबांचे रिपोर्ट. ‘विचार करू नकोस’ हा सल्ला निरुपयोगी असतो. डॅनियल वेगनर यांच्या १९८७ मधल्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हापुन्हा येतच राहिले. समुपदेशक मॅडमनी मला त्याऐवजी काळजीसाठी वेळ आणि जागा नेमून दिली. पेनसिल्व्हेनियातील थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली ही पद्धत आहे. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी अर्धा तास मनसोक्त काळजी करायची. एरवी ती आली तर दोन शब्दांत टिपून ठेवायची आणि त्या वेळेवर ढकलायची. माझी जागा म्हणजे गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची आणि वेळ संध्याकाळी साडेसातची. पलंग आणि झोपायची वेळ मुद्दाम टाळली आहे, कारण अंथरुणाला पाठ टेकली की काळजी सुरू, ही सवयच तोडायची असते. ‘नको’ म्हटले तर मन ऐकत नाही, ‘साडेसातला बघू’ म्हटले तर पुष्कळदा ऐकते. खुर्चीत बसेपर्यंत टिपलेल्यांपैकी बऱ्याच गोष्टी शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांपैकी जिथे काही करता येण्यासारखे असेल तिथे पुढची एक कृती लिहितो, आणि जिथे काहीच करता येत नाही ती उद्याच्या साडेसातकडे जाते.

सहकारनगर, गृहिणी

माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे. या आजारात दिवस मावळताना गोंधळ वाढतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते आणि तसेच घडते. पाच वाजले की त्या पदर सारखा करून, पिशवीत एक नॅपकिन आणि चष्म्याचे रिकामे घर घालून दारापाशी उभ्या राहतात आणि विचारतात, “वाईची गाडी किती वाजता आहे गं?” वाईचे माहेर कधीच मिटले, तिथे आता कोणी नाही, हे मी पुष्कळदा समजावून सांगत असे. दर वेळी ती बातमी त्यांना नवी असे, त्या दर वेळी रडत आणि माझा आवाज चढे.

आता मी बातमी देत नाही. “गाडीला वेळ आहे आई, तोवर बसा. वाईला गेल्यावर आधी कुठे जायचं?” असे विचारते. मग गणपतीचा घाट, कृष्णेचे पाणी, कोणा मावशीने दिलेले पेढे असे काहीबाही निघते आणि हात कडीवरून सुटतो. त्यांच्या चुकीच्या माहितीशी वाद न घालता तिच्यामागच्या ओढीला उत्तर द्यावे, असे आता डिमेन्शियाच्या शुश्रूषेत सर्वत्र शिकवतात. हे खोटे बोलणे नव्हे का, असे मला नणंदबाईंनी विचारले होते. माझ्या मते नव्हे, कारण ‘मला माझ्या माणसांत जायचे आहे’ हे त्यांचे म्हणणे खरेच आहे आणि मी त्यालाच उत्तर देते.

स्वतःच्या तोलासाठी मात्र वेगळेच काही करावे लागले. सगळे विचारतात, “काही मदत लागली तर सांग हं,” आणि आपण सांगत नाही. मी नणंदबाईंना नेमके सांगितले: “वन्सं, दर मंगळवारी पाच ते आठ तुम्ही आईंजवळ बसायचं.” मोघम मागणीला मोघम होकार मिळतो, वार आणि वेळ सांगितली की समोरच्यालाही जमवता येते. त्या तीन तासांत मी तळजाईवर चालते किंवा मैत्रिणीकडे काहीही न करता बसते. प्रारंभी बाहेर पडताना अपराधी वाटे, आजही थोडे वाटते. ते पूर्ण जाण्याची वाट पाहिली असती, तर मी अजून घरातच असते.

नारायण पेठ, सहकारी बँकेत काउंटरवर

पेन्शनच्या दिवसांत लोक ताटकळतात आणि आवाज चढतात. दोन ग्राहकांच्या मधल्या क्षणात चार मोजेपर्यंत श्वास घेतो आणि आठ मोजेपर्यंत सोडतो. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावते, हा शरीराचा धर्म आहे. राग जात नाही. उत्तर मात्र सभ्य निघते.

पर्वती पायथा, सेवानिवृत्त

पत्नी गेल्यानंतर मी बाहेर जाणे बंद केले होते. मन लागत नाही म्हणून जात नव्हतो, आणि जात नसल्याने ते आणखी उदास होत होते. पीटर लुइन्सन यांनी १९७०च्या दशकात नैराश्याचे हेच चक्र दाखवून दिले आणि उपचार कृतीपासून सुरू केला. नील जेकबसन यांच्या १९९६ च्या अभ्यासात नुसत्या कृतीवर भर देणारा उपचार विचारांवरच्या पूर्ण उपचाराइतकाच गुणकारी ठरला. मी इच्छेची वाट बघणे सोडले. सकाळी सहाला बूट घालायचे, पर्वतीच्या पायऱ्यांपर्यंत जायचे, वाटले तर चढायचे. वर रोज भेटणारी मंडळी आहेत. त्यांच्यात मी अजूनही फारसे बोलत नाही, पण आलो नाही तर ते फोन करतात. जोशाने काही होत नाही, तरी दिवस धरायला जागा झाली आहे.

धागाकर्ती

काकांच्या प्रतिसादाला जोडून लिहिणे आवश्यक वाटते. उदासी किंवा कशातच रस न वाटणे जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ आणि दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकले, शिवाय झोप, भूक, काम बिघडले, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी वही आणि टेकडी यांच्या भरवशावर न राहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. खर्चाची धास्ती असलेल्यांनी हेही लक्षात घ्यावे, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्याच धर्तीवर विमा देणे बंधनकारक आहे. आपल्या पॉलिसीत ते कसे नोंदले आहे, ते वाचून घ्यावे.

झोपेविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. चाकण-भोसरीकडे फिरत्या पाळीत काम करणारे आणि रुग्णालयांतल्या रात्रपाळीच्या परिचारिका यांनी जरूर लिहावे, कारण दिवसा झोपणाऱ्या माणसाने घरच्यांचा आवाज, पाहुणे आणि स्वतःची चिडचिड कशी सांभाळायची, याची माहिती मला हवी आहे.